हिवाळा, शेगडी आणि स्वस्त उबेचा हिशेब

दक्षिणेतून उत्तरेकडे आलेल्या मराठी कुटुंबांनी आपल्याबरोबर बरेच काही आणले. देवांचे टाक आले, पाटे-वरवंटे आले, मोडी दप्तरे आली, सणवार आणि कुळाचार आले. परंतु उत्तरेतल्या हिवाळ्याची तजवीज त्या सामानात नव्हती, आणि असण्याचे कारणही नव्हते. देशावरच्या किंवा कोकणातल्या घरात घर ऊबदार ठेवण्यासाठी म्हणून विस्तवाची वेगळी जागा नसते. चूल स्वयंपाकासाठी, बंब अंघोळीच्या पाण्यासाठी आणि शेगडी मुख्यतः बाळंतिणीसाठी. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून बाळंतिणीला आणि बाळाला शेक द्यायचा, एवढाच काय तो शरीर उबवण्याचा शास्त्रोक्त प्रकार त्या घरांना ठाऊक होता. ग्वाल्हेर, झाशी, सागर, उज्जैन, इंदूर ह्या बाजूला स्थायिक झाल्यावर बाळंतिणीच्या खोलीतली ही शेगडी माजघरात आली आणि हिवाळ्याचे चार महिने साऱ्या घराची झाली. बेळगाव, गोवे, हैदराबाद किंवा बडोदे येथील वाचकांना ह्या थंडीची तितकीशी ओळख नसेल. परंतु सरपण आणि कोळशाचा जो इतिहास पुढे येतो, तो त्यांच्याही घरांतून गेलेला आहे.

लाकूड-कोळशाच्या बळावर आपल्या पूर्वजांनी थोड्या खर्चात हिवाळा कसा काढला, ती ऊब खरोखर किती स्वस्त होती आणि तिची किंमत कोणी मोजली, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय घरगुती आहे. पण घरगुती म्हणून लहान नाही.

फौजेला मिळालेला धडा

उत्तरेच्या हिवाळ्याशी मराठ्यांची जी कठोर ओळख झाली ती पानिपतावर. १७६० च्या ऑक्टोबरअखेर भाऊसाहेबांची फौज पानिपतास खंदक खोदून बसली, ती १४ जानेवारी १७६१ च्या संक्रांतीपर्यंत तेथेच अडकून पडली. म्हणजे थंडीचे ऐन अडीच महिने. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेचा मुख्य आधार तुटला. अन्नधान्याच्या टंचाईविषयी आपण पुष्कळ वाचतो. परंतु एवढ्या मोठ्या तळाला, त्यातही बायकामुले आणि बाजारबुणगे बरोबर असलेल्या तळाला, रोज सरपण किती लागत असेल ह्याचा विचार सहसा होत नाही. शत्रूच्या स्वारांचा वेढा आवळत गेला तसे लाकडा-वैरणीसाठी छावणीबाहेर पडणे म्हणजे जिवावर उदार होणे झाले. धान्य असले तरी ते शिजवायला जळण हवे, आणि रात्र काढायला शेकोटी हवी. जळण ही रसदेचीच बाब आहे हा धडा त्या हिवाळ्याने शिकवला.

पुढे १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला आणि त्या तळाचेच लष्कर हे शहर झाले. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वराहून इंदुरास आली. तंबू-राहुट्यांच्या जागी वाडे उभे राहिले. फौजेचे कारकून, सरदार, भिक्षुक, वैद्य, कारागीर अशी मंडळी स्थिरावली, आणि दरसाल येणाऱ्या थंडीची कायमची सोय करणे भाग पडले.

घर नव्हे, माणूस

ग्वाल्हेरात जानेवारीच्या पहाटेचे तापमान सरासरीने ७ अंशांच्या आसपास असते. थंडीची लाट आली की ते ३-४ अंशांवर उतरते. इंदुरात ते त्यामानाने सौम्य, १० अंशांच्या आसपास. आकडा फार खालचा वाटणार नाही, पण घर कशाचे आहे हेही पाहिले पाहिजे. ग्वाल्हेरच्या बाजूला दगड मुबलक. भिंती दगडाच्या आणि छपरालाही दगडाच्याच लांब फरश्या. असल्या खोलीला तिकडे पाटोर म्हणतात. उन्हाळ्यात हा दगड सुखावतो. पौष-माघात मात्र तो रात्रभर गारठा धरून ठेवतो. त्यातून वाड्याची रचना दक्षिणेकडची. मध्ये उघडा चौक, चारी बाजूंना सोपे, दारांना फटी, खिडक्यांना नुसत्या लाकडी फळ्या, भिंतीत वर झरोके. असे घर पूर्ण तापवायचे म्हटले तर जंगल पुरणार नाही.

म्हणून आपल्या पूर्वजांनी घर तापवण्याचा नाद केला नाही. त्यांनी माणूस तापवला. शेगडी मध्ये, भोवती घरची मंडळी, हात-पाय पुढे आणि पाठीवर दुलई. निखाऱ्यांची उष्णता किरणांच्या रूपाने थेट अंगावर येते. मधली हवा गार असली तरी समोर बसलेल्याला ऊब लागते. काश्मिरी माणूस फेरनाच्या आत कांगडी घेऊन हिंडतो त्यातही हेच तत्त्व आहे. अंगावर बंडी, कानटोपी, रात्री कापसाची रजई आणि आहारात बाजरी, तीळ, गूळ, डिंक, मेथी ही दुसरी फळी होती. उष्णता निर्माण करण्यापेक्षा असलेली उष्णता राखणे स्वस्त पडते, हे त्यांना शास्त्र न शिकताही पक्के ठाऊक होते.

दुसरे सूत्र असे की विस्तव एकदा पेटला की त्याच्याकडून सगळी कामे करून घ्यायची. सकाळी बंबात ढलप्या पडायच्या. पाणी तापून झाले की त्यातले निखारे शेगडीत यायचे. शेगडीवर दूध आटायचे, डाळ शिजायची, ओले लंगोट-पंचे वाळायचे, राखेत रताळे नाहीतर कांदा भाजला जायचा. उरलेल्या राखेने भांडी घासली जायची. एका घमेलाभर निखाऱ्यांतून इतकी कामे निघत असतील तर त्या उबेचा खर्च जमाखर्चाच्या वहीत वेगळा दिसत नाही. स्वस्ताईचे खरे रहस्य येथे होते.

तिसरेही एक सूत्र होते. निजण्यापूर्वी शेगडी चौकात किंवा पडवीत नेऊन ठेवायची, हा बहुतेक घरांतला दंडक. ठिणगी उडून अंथरूण पेटेल, लहान मूल लोळत जाईल, अशी कारणे त्यासाठी सांगितली जात. ह्या सूत्राकडे पुढे वळू. कारण त्याचे खरे कारण ह्याहून गंभीर आहे.

टाल आणि मोळी

लाकूड विकत घेण्याची जागा म्हणजे वखार; आपल्या बाजूला तिला टाल म्हणतात. जाणती मंडळी पावसाळा संपून लाकूड वाळले की दसरा-दिवाळीच्या सुमारास हिवाळ्याची बेगमी करीत. ह्याला भक्कम कारण आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. टालवाला वजनावर विकतो. म्हणजे ओले लाकूड घेणारा पाण्याचे पैसे देतो, आणि शिवाय ते पाणी उडवण्यात बरीच उष्णता दवडतो. हवेवर नीट वाळलेले लाकूड किलोमागे सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता देते. ओले लाकूड त्याच्या निम्मीही धड देत नाही, वर धूर देते ते वेगळेच. दोन ओंडके एकमेकांवर आपटून खणखणीत आवाज येतो की बोदा, ह्यावरून पारख करण्याची जुनी रीत म्हणूनच योग्य होती.

लाकडाची जातही पाहिली जाई. धावडा, खैर, बाभूळ, करधई ही जड लाकडे हळू जळतात आणि त्यांचा निखारा टिकतो. सालई हलकी, भडकते आणि संपते. पळसाला सरपण म्हणून मान नाही. वड, पिंपळ, उंबर ही देवाची झाडे. त्यांना कोणी हात लावीत नसे.

हे लाकूड येत होते कोठून? शहराभोवतीची राने पहिल्या दोन-तीन पिढ्यांतच मागे हटली. इंग्रजी मुलखात १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगले सरकारी झाली आणि संस्थानांतूनही त्याच धर्तीचे नियम आले. गावकऱ्याचा सरपणाचा हक्क हळूहळू सवलत झाला आणि सवलतीचा पुढे गुन्हा झाला. १९३० साली लोकनायक अण्यांनी पुसदला, तर बैतुलच्या बाजूला गोंड-कोरकू मंडळींनी जो जंगल सत्याग्रह केला, त्याच्या मुळाशी गवत आणि लाकूड ह्या अगदी रोजच्या गरजा होत्या. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यातल्या चिरनेरला गोळीबार झाला तोही जंगल सत्याग्रहातच.

शासकीय सेवेत असताना शिवपुरी-श्योपूरकडे राहण्याचा योग आला. तेथे पहाटे डोक्यावर मोळी घेऊन निघालेल्या बायका मी नित्य पाहत असे. ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी १९०९ पासून २०२० पर्यंत चालली. तिच्या डब्यांतूनही मोळ्या येत. वीस-पंचवीस किलोंची मोळी, दोन-तीन कोसांची चाल, आणि मिळणारी रक्कम घासाघीस करून ठरलेली. शहरातल्या माणसाला सरपण स्वस्त मिळे ह्याचे एक कारण हे होते की त्यात त्या बाईच्या दिवसाची मजुरी जवळजवळ धरलेलीच नसे. आपल्या जमाखर्चाच्या वह्यांत ही रक्कम कोठेही सापडणार नाही.

गोवऱ्या आणि लोणारी कोळसा

लाकूड महागले की गोवरी येते. शेणखत शेतात जायच्या ऐवजी चुलीत जाते, हा शेतकऱ्याचा अडाणीपणा आहे असे इंग्रज अधिकारी बरेच दिवस समजत. १८८९ साली कृषिरसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर हिंदुस्थानात आले आणि १८९३ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांनी हा समज खोडून काढला. शेतकरी शेण जाळतो तो त्याला खताची किंमत कळत नाही म्हणून नव्हे, तर लाकूड मिळत नाही म्हणून, असा त्यांचा निष्कर्ष होता. आणि उपाय म्हणून गावोगाव सरपण-वैरणीची राखीव राने लावावीत, अशी त्यांची शिफारस होती. शिफारस कागदावर चांगली होती आणि बहुतांशी कागदावरच राहिली.

शहरातल्या बेताच्या घराला गोवरीपेक्षा लोणारी कोळसा सोयीचा. तो धूर करीत नाही, भांडी काळी करीत नाही, किलोमागे ७,००० किलोकॅलरी म्हणजे वाळल्या लाकडाच्या दुप्पट उष्णता देतो. पण हा कोळसा तयार कसा होतो ते पाहिले तर हिशेब उलटतो. लाकडाचा ढीग रचून त्यावर माती-पाला लिंपायचा आणि आत हवा बेताची जाऊ देऊन तो कित्येक दिवस धुमसत ठेवायचा, ही जुनी भट्टीची रीत. तीत पाच-सहा किलो लाकडातून जेमतेम एक किलो कोळसा उतरतो. सहा किलो लाकडातली २१,००० किलोकॅलरी उष्णता गेली आणि हाती आली ७,०००. दोन-तृतीयांश ऊब रानातच उडाली. माजघरात धूर झाला नाही, कारण तो आधीच दुसरीकडे झाला होता.

दगडी कोळसा येतो

रेल्वेने हे चित्र बदलले. तुकोजीराव होळकर दुसरे ह्यांनी १८७० साली इंग्रज सरकारला १ कोटी रुपये १०१ वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ देऊन खंडवा-इंदूर मार्ग बांधून घेतला. शिंदे सरकारच्या साहाय्याने आग्र्याकडून ग्वाल्हेरला गाडी आली. १८७० च्या दशकात वरोऱ्याला, १८८० च्या दशकात रेवा संस्थानातल्या उमरियाला, १८८९ मध्ये निजामी मुलखातल्या सिंगरेणीला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी छिंदवाड्याच्या पेंच खोऱ्यात खाणी चालू झाल्या. हा कोळसा मुख्यतः इंजिने आणि गिरण्यांसाठी होता. घरात कच्चा दगडी कोळसा जाळणे म्हणजे डोळ्यांना शिक्षा. म्हणून झरिया-राणीगंजच्या बाजूला कोळशाचे ढीग उघड्यावर अर्धवट जाळून त्यातला बराचसा धूर काढून टाकीत आणि उरलेला सच्छिद्र, हलका कोळसा घरगुती वापरासाठी विकीत. तो सॉफ्ट कोक. घरोघर त्याचा प्रसार व्हावा म्हणून १९२९ साली सॉफ्ट कोकवर उपकर बसवणारा खास कायदा झाला आणि त्या पैशातून प्रचार करण्यासाठी समिती नेमली गेली. लोकांनी शेण जाळू नये, ते शेतात जावे, हा त्या प्रचारातला एक मुद्दा होता. व्होएल्करसाहेबांचा प्रश्न असा खाणीच्या तोंडाशी येऊन पोहोचला.

मध्यमवर्गीय घरांत ह्या कोळशाने आपले असे एक तंत्र निर्माण केले. जुन्या बादलीला खालच्या बाजूला भोक पाडायचे, आतून माती लिंपायची, मध्ये तीन-चार लोखंडी सळ्या बसवायच्या, की सिगडी तयार. तळाशी गोवरीचे तुकडे आणि ढलप्या, वर कोळसा. ती अंगणात किंवा रस्त्याच्या कडेला पेटवायची आणि धूर सरला की आत आणायची. हिवाळ्यात संध्याकाळी गल्लीगल्लीतून अशा सिगड्यांची रांग लागे आणि सारा मोहल्ला धुराने भरून जाई. कोळशाच्या पोत्याच्या तळाशी उरलेली भुकटीही वाया जात नसे. तीत चिकणमाती आणि शेण कालवून गोळे वळायचे आणि गच्चीवर वाळवायचे. लाकडाच्या अड्ड्यावरून भुसा आणून, शेगडीत मध्ये बाटली उभी धरून तो भोवती ठासून भरायचा आणि बाटली अलगद काढून घ्यायची. ती भुशाची शेगडी तास दोन तास एकसारखी जळे. दुसऱ्या महायुद्धात कोळशाच्या वाटपावर नियंत्रण आले तेव्हा ह्याच युक्त्यांनी पुष्कळ घरांना तारले. ही काटकसर निर्बुद्ध नव्हती. तीत हुन्नर होता.

न दिसणारी किंमत

आता त्या तिसऱ्या सूत्राकडे वळू. विलायतेत घर तापवण्याची पद्धत आपल्या उलट. तेथे भिंतीत चूल आणि वर धुराडे. त्यात दोष असा की धुराबरोबर बहुतेक उष्णताही वर जाते. १७९६ साली काउंट रम्फर्ड ह्यांनी धुराड्याचा गळा अरुंद करून आणि चुलीच्या बाजू तिरप्या करून ह्यात मोठी सुधारणा केली; तरीही उघड्या चुलीतली बरीच ऊब आकाशालाच मिळे. आपल्या शेगडीला धुराडे नाही. त्यामुळे तिची सगळी उष्णता खोलीत राहते, आणि तिच्यातून निघणारा वायूही खोलीतच राहतो. शेगडी स्वस्त का, ह्याचे उत्तर आणि ती घातक का, ह्याचे उत्तर एकच आहे.

धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून माणूस त्यापासून सावध राहतो. धूर सरला की कोळसा निर्धोक झाला, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या समजत आलो. वस्तुस्थिती तशी नाही. लाल निखाऱ्यांवर निळसर ज्योती खेळतात त्या कार्बन मोनॉक्साइड वायूच्या. हवा पुरेशी असली तर तो तेथेच जळून जातो; हवा कमी पडली, किंवा निखारे राखेने झाकले गेले, की तो न जळता खोलीत पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जखडला जातो; तो प्राणवायूची जागा घेतो हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार ह्यांनी १८५७ च्या सुमारास दाखवून दिले. लक्षणे फसवी असतात: डोके जड होणे, मळमळ, सुस्ती. थंडीच्या रात्री ऊब लागल्यावर येणाऱ्या झोपेत आणि ह्या सुस्तीत फरक कळत नाही. झोपलेल्या माणसाला तर मुळीच कळत नाही.

एक साधा हिशेब करून पाहावा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. एक किलो लोणारी कोळसा पूर्ण जळायला आठ-नऊ घनमीटर हवेतला सगळा प्राणवायू लागतो. म्हणजे दारे-खिडक्या बंद असतील तर एक किलो कोळसा खोलीतल्या जवळजवळ एक-तृतीयांश प्राणवायूवर हक्क सांगतो. तितका मिळण्याच्या पुष्कळ आधीच जळणे अपुरे होऊ लागते आणि विषारी वायूचे प्रमाण वाढते.

मग आपल्या पूर्वजांचे कसे निभावले? त्यांच्या वाड्याने त्यांना वाचवले. उघडा चौक, फटींची दारे, वरचे झरोके ह्यांतून हवा अखंड खेळत होती. ज्या फटींना आपण थंडीच्या दिवसांत नावे ठेवीत होतो, त्याच आपल्या रक्षक होत्या. त्यातून झोपताना शेगडी बाहेर. वायूचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. दंडक मात्र बरोबर होता. घर गळके होते तोवर शेगडी चालली.

धुराडे असले म्हणजे सर्व भागले, असेही नाही. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला ह्यांचा सप्टेंबर १९०२ मध्ये पॅरिसमधल्या राहत्या घरी अंत झाला तो शयनगृहातल्या कोळशाच्या विस्तवाचे धुराडे तुंबल्यामुळे. खाणकामगारांच्या जीवनावर ‘जर्मिनाल’ लिहिणाऱ्या लेखकाला कोळशानेच गाठावे, हा दैवदुर्विलास. आणि धुराडे नीट चालले तरी धूर जातो तो गावावर. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धूर-धुक्याचे सावट राहिले; त्यात ४,००० माणसे दगावल्याचा तत्कालीन अंदाज होता, नंतरच्या अभ्यासांनी तो १२,००० च्या आसपास नेला. त्यानंतर १९५६ चा शुद्ध हवेचा कायदा झाला आणि घरातला कच्चा कोळसा बंद होऊ लागला.

आपल्याकडे ह्या धुराचा मुख्य वाटा घरातल्या स्त्रीच्या पदरी आला. फुंकणीने विस्तव फुलवणे, डोळे पुसणे आणि खोकणे हे स्वयंपाकघराचे नित्य आवाज होते. त्याला आजार म्हणावे असे कोणाला वाटले नाही. १९८३ मध्ये कर्क स्मिथ, अगरवाल आणि दवे ह्यांनी गुजरातेतल्या खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजून प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे ह्या खोकल्याला शास्त्राच्या पुस्तकात जागा मिळाली.

सुधारणेचे प्रयत्न

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगन चूल निघाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतले एस. पी. राजू ह्यांनी धुराड्याची चूल तयार केली आणि १९५३ साली त्यावर पुस्तकही लिहिले. डिसेंबर १९८३ पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. तो २००२ मध्ये आवरता घेण्यात आला. शासकीय कामकाजाचा अनुभव असलेल्या कोणालाही त्याच्या अपयशाचे आश्चर्य वाटणार नाही. चुली किती बसवल्या ह्याची मोजणी होत होती. सहा महिन्यांनी त्या चालू आहेत की नाहीत, ही मोजणी कोणाच्या तक्त्यात नव्हती. पुण्यात डॉ. आनंद कर्वे ह्यांच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसवली, तिला २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. झाड न तोडता कोळसा, ही त्यातली मोलाची गोष्ट.

खरा बदल केला तो गॅसने. १९५५ च्या सुमारास मुंबईत आलेला बाटलीबंद गॅस आपल्या शहरांत घरोघर पोहोचायला सत्तर-ऐंशीची दशके उजाडली. २०११ च्या जनगणनेत गॅसवर स्वयंपाक करणारी कुटुंबे २८.५ टक्के होती आणि लाकडावर करणारी ४९ टक्के. मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून कोट्यवधी जोडण्या दिल्या गेल्या. परंतु गॅसने चूल बदलली, शेगडी पूर्णपणे बदलली नाही. स्वयंपाकाच्या चुलीतून निखारे निघेनासे झाले, आणि उबेसाठी वेगळा विस्तव पेटवण्याची पाळी आली. एका विस्तवात दहा कामे, हे सूत्र येथे तुटले. ज्यांना परवडले त्यांनी विजेचे हीटर घेतले. ज्यांना परवडले नाही त्यांनी सिगडीच ठेवली.

दंडक आणि घर

आज आपले बहुतेक वाडे पडले. जे उरले त्यांच्या खोल्या भाड्याने गेल्या आहेत. चौकावर स्लॅब आला, झरोके बुजले, खिडक्यांना काचा आणि सरकत्या चौकटी बसल्या. घर घट्ट झाले. अशा घट्ट खोलीत डिसेंबर-जानेवारीत कोणी राखणदार, कोणी शिकायला आलेली मुले, कोणी नव्याने आलेले मजूर कुटुंब सिगडी पेटवते आणि दार लावून निजते. सकाळी दार फोडावे लागले, अशी बातमी उत्तरेतल्या वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात येते. त्या बातमीत बहुधा ‘धुराने गुदमरून’ असे लिहिलेले असते. पुष्कळदा तेथे धूर नसतो, आणि नेमका म्हणूनच घात होतो.

जुन्या काटकसरीची पहिली दोन सूत्रे आपण कौतुकाने सांगतो. माणूस तापवा, घर नव्हे. एका विस्तवात दहा कामे करा. ती कौतुकास्पद आहेतच. तिसरे सूत्र मात्र आपण अंधश्रद्धेच्या किंवा नुसत्या सावधगिरीच्या खात्यात टाकून विसरलो, आणि प्राण वाचवणारे तेच होते. रूढी एका विशिष्ट घरासाठी, एका विशिष्ट हवेसाठी घडलेली असते. घर बदलले की तिच्यातले काय सोडावे आणि काय धरावे हे पुन्हा तपासावे लागते. आपण शेगडी ठेवली आणि झरोका बुजवला. करावयास हवे होते ते नेमके ह्याच्या उलट.

ज्यांच्या वाड्यांत आजही भाडेकरू आहेत, त्या मंडळींना म्हणूनच आग्रहाची विनंती. खोली भाड्याने देताना वीज-पाण्याच्या अटी जशा सांगता, तशी हीही एक सांगा: विस्तव आत असेतो समोरासमोरची दोन तावदाने चार बोटे उघडी राहतील, आणि निजण्यापूर्वी सिगडी बाहेर जाईल. राखेने झाकलेली सिगडी म्हणजे विझलेली सिगडी नव्हे, हेही सांगा. बुजवलेला झरोका पुन्हा उघडायला गवंड्याचा एक दिवस लागतो. आणि शक्य असेल तर त्या कुटुंबाला एक जाड रजई द्या. एका हिवाळ्याच्या कोळशाहून ती महाग पडणार नाही, पुढचे कित्येक हिवाळे पुरेल, आणि तिला झरोका लागत नाही.